रिग्रेशनआधी कोडबुक
लोकशाही मोजणारी आकडेवारी हाती आली की थेट रिग्रेशनला (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीला) बसू नका. आधी कोडबुक, म्हणजे कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारी पुस्तिका, वाचा. ‘पॉलिटी’ या देशोदेशींची लोकशाही वर्षागणिक मोजणाऱ्या आकडेवारीत गुण -१० ते +१० असतात, पण त्याच रकान्यात -६६, -७७, -८८ हेही आकडे सापडतात. ते गुण नव्हेतच. परकीय ताबा, कोसळलेली सत्ता (अराजक) आणि राजवटीचं संक्रमण यांच्या अनुक्रमे त्या खुणा. तशाच राहिल्या तर सरासरी पार बिघडते. म्हणून प्रत्येक रकान्याचा किमान-कमाल आकडा पाहा, किंवा त्याच आकडेवारीतला ‘पॉलिटी२’ हा सुधारित रकाना वापरा. तिथे -६६ ची जागा रिकामी राहते, -७७ चं शून्य होतं. अराजकाला मधले गुण देणं मला पटत नाही; ती वर्षं वगळूनही निकाल टिकतो का, हे जरूर तपासा. शिवाय एकाच देशाची लागोपाठची वर्षं म्हणजे स्वतंत्र नोंदी नव्हेत. म्हणून प्रमाण त्रुटी (अंदाज किती अनिश्चित आहे याचं माप) देशनिहाय क्लस्टर करा, म्हणजे एका देशाच्या सगळ्या नोंदी एक गट धरून काढा.