लादी बसवण्याआधी बादली ओता

गेल्या वैशाखात आमच्या राजापूरकडच्या घरातलं न्हाणीघर नवीन केलं आणि गणपती उरकताच ते फोडावं लागलं. लादी चांगली होती, मिस्त्रीचा हात साफ होता, सांधे दोरीत होते. पण ढाळ, म्हणजे पाण्याचा उतार, दाराकडे होता. सणाला घर भरलं, एकामागून एक आंघोळी सुरू झाल्या आणि पाणी उंबऱ्यावरून माजघरात आलं. चौकट खालून काळी पडून फुगली. जांभा पाणी पितो, त्यामुळे पलीकडच्या भिंतीच्या गिलाव्यावर वीतभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटला. आता स्वयंपाकघर आणि पडवी करायची आहे. त्याची तयारी इथे मांडते आहे, म्हणजे तुमच्याकडे काम निघालं तर तुमचं तरी चुकणार नाही.

आधी वेळ ठरवा. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर काढावं आणि शिमग्याच्या आत संपवावं. शिमग्याला गावातला गवंडी पालखीत असतो आणि बाहेरून आलेला कारागीर होळीला त्याच्या गावी जातो. मे महिन्यात चाकरमानी येतात, प्रत्येकाला पावसाआधी काम हवं असतं, आणि एकच मिस्त्री चार घरांत अर्धा अर्धा दिवस देतो. मी तेच केलं होतं. जूनमध्ये तर काढूच नका. हवेत इतका ओलावा असतो की वॉटरप्रूफिंगचा पहिला हात वाळायला दोन दिवस घेतो आणि मिस्त्री ओल्यावरच दुसरा मारून मोकळा होतो.

मिस्त्री निवडताना मोबाइलवरचे फोटो पाहून भुलू नका. फोटोत ढाळ दिसत नाही. त्याने केलेलं, निदान एक पावसाळा गेलेलं न्हाणीघर दाखवायला सांगा. तिथे जा आणि घरच्यांना विचारून दाराशी बादलीभर पाणी ओता. मागे कुठे थारोळं राहतं ते बघा. संकोच वाटला तरी ओता. मग त्याला एकच प्रश्न विचारा, ढाळ किती देणार? जाणता माणूस सुतात उत्तर देतो. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दारापासून पाणी जाण्याच्या जाळीपर्यंत पाच फूट असतील तर पाच सूत उतार मिळाला पाहिजे. पडवीत झड आत येते, तिथे दीड ते दोन सूत बाहेरच्या बाजूला मागा. "काकी, लादी बसली की ढाळ आपसूक जुळतो," असं मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. ढाळ आपसूक जुळत नाही. तो लादीखालच्या कोब्यात, म्हणजे सिमेंटच्या थरात, द्यावा लागतो, लादी फक्त त्याच्यावर बसते.

लादी निवडतानाही ढाळच डोक्यात ठेवा. दुकानात दोन बाय दोनची चकचकीत लादी डोळ्यांत भरते. पण छोट्या न्हाणीघरात तिला चारही बाजूंनी जाळीकडे उतार देता येत नाही, तिरके काप घ्यावे लागतात, आणि ते टाळायला मिस्त्री सरळ सपाट बसवतो. न्हाणीघराला एक बाय एकची मॅट लादीच घ्या. भिंतीला काहीही चालेल, रंग तुमच्या आवडीचा. मोजमाप मिस्त्रीकडून घ्या आणि स्वतःही घ्या. वर दहा टक्के तुटफूट धरा, तिरकी बसवणार असाल तर पंधरा. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे दुकानातच बघा. मोरबीहून आलेला माल घाट उतरून आपल्यापर्यंत पोचतो, तेव्हा प्रत्येक पेटी उघडून कोपरे तपासा. दुसऱ्या दिवशी दुकानदार ऐकत नाही.

व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. तिला लादी चिकटवायचा मसाला, ज्याला आपण केमिकल म्हणतो, तोच लावायचा. गोणीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक लिहिलेला असावा. भिंतीची साधी सिरॅमिक लादी सिमेंटवर बसवणार असाल तर आधी पाण्यात भिजवायची. केमिकलवर बसवणार असाल तर भिजवायची नाही. हे दोन्ही एकाच घरात चालू असतं तेव्हा पोऱ्या सगळीच लादी पिंपात टाकतो, लक्ष ठेवा. आणि रेती. खाडीची खारी रेती स्वस्त मिळते, ती घेऊ नका, नंतर सांध्यांतून खार वर येतो. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ते पाणीही कालवायला वापरू नका, गोड्या पाण्याची सोय आधी करा.

दर चौरस फुटावर ठरतो, पण त्यात काय येतं हे कागदावर घ्या. जुनं फोडणं, डबर उचलणं, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, नळाची भोकं, ग्राउट म्हणजे सांधे भरायचा मसाला. मला स्कर्टिंगचे पैसे वेगळे मोजावे लागले, त्यावर आता बोलत नाही. त्याच कागदावर लिहा: ढाळ फुटाला एक सूत, जाळीच्या दिशेने, पाणी ओतून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. एवढं एक वाक्य माझ्याकडे लिहिलेलं असतं तर फोडण्याचा खर्च माझ्या अंगावर आला नसता.

जुन्या लादीवर नवी बसवावी का? आधी लाकडी दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर ती सुटलेली आहे, काढाच. घट्ट असेल तर हॉल-खोलीत चालतं. न्हाणीघरात नाही. माझं नेमकं तिथेच फसलं. फोडण्याचे दोन दिवस वाचवायला जुन्यावर नवी बसवली, जमीन इंचभर वर आली, उंबऱ्याला जी उंची होती ती गेली आणि उतार द्यायला जागाच उरली नाही. न्हाणीघराची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली हवी, निदान इंचभर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोबा झाला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवून वाळले, की काम थांबवा. मिस्त्री कुरकुर करेल, रोज बुडतो म्हणेल, हवा तर तेवढा रोज द्या पण थांबवा. जाळीच्या तोंडात बोळा कोंबा, दाराशी विटेची आड घाला, दोन इंच पाणी भरा आणि अठ्ठेचाळीस तास ठेवा. भिंतीवर पातळीची खूण करा. पलीकडच्या खोलीत ओल येते का, हाताने चाचपा. मग बोळा काढा आणि तिथेच उभे राहा. पाणी जिथे साचून राहील तिथे खडूने गोल करा. तो खळगा आत्ता पसाभर सिमेंटने भरतो. लादी बसल्यावर त्याच खळग्यासाठी घण लागतो. मी त्या वेळी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा पहिल्या दोन ओळी बसलेल्या होत्या. तुम्ही जाऊ नका.

एखाद-दुसऱ्या फुटक्या लादीची दुरुस्ती असेल तर ती का फुटली ते आधी शोधा. खाली पोकळ आहे, की पाइप गळतोय? मिस्त्रीला आधी ग्राइंडरने चारही सांधे मोकळे करायला सांगा, मग छिन्नी मधून बाहेर. उलट केलं तर शेजारच्या चार जातात. जुनी शेड मिळाली नाही तर जवळपासचा रंग शोधत फिरू नका, ठळक वेगळी पट्टी करून टाका.

बसवण्याच्या दिवशी लादी कोरडीच मांडून तिच्यावर गोटी सोडा, जाळीकडे गेली पाहिजे. सांध्यात दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर हवेत, भिंतीकडेला फट सोडा, नाहीतर उन्हाळ्यात लादी उचलते. चोवीस तास पाय नको. मग ग्राउट, न्हाणीघरात इपॉक्सी. नाण्याने प्रत्येक लादी ठोका, बद्द वाजेल तिथे खूण. वीज जाते, कटरचं काम सकाळी उरकून घ्या. ग्राउट वाळला की पुन्हा बादली, दाराशी, मिस्त्रीच्या समोर. मग हप्ता. उरलेली पेटी खाटेखाली, शेड नंबर दिसेल अशी.