गुलाबी आइसबर्गवरचे काळे ठिपके गेले

ब्रिलियंट पिंक आइसबर्ग हा फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यांनी फुलणारा गुलाब. जर्मनीतले गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे कोर्डेस यांनी १९५८ साली आणलेल्या पांढऱ्या आइसबर्गच्याच वंशातला. बहर भरपूर, काटे कमी. मला अतिशय लाडका. पण पानांवर काळे ठिपके लवकर पडतात. माझ्या झाडाची खालची पानं पिवळी पडून गळत होती.

ही बुरशी आहे. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की तिचे बीजाणू रुजतात, म्हणून नुसत्या फवारणीने भागत नाही. पान कोरडं राहणं महत्त्वाचं. मी पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी देऊ लागलो. मधल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झाड आतून मोकळं केलं. गळलेली पानं रोज उचलली. ती कंपोस्टमध्ये मुळीच टाकू नका, बुरशी त्यांवर तग धरते. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं, पण ती निरोगी झाडांची.

नवी पालवी स्वच्छ आली. आता झुपक्यातली मधली कळी आधीच खुडतो, त्यामुळे बाकीची फुलं जवळजवळ एकदम उमलतात. सुकलेला झुपका मात्र अख्खा कापायचा, खालच्या जोमदार पानाच्या जरा वर.