संगणकातलं सर्च बंद पडलंय? दुरुस्त करताना या चुका टाळा

‘सर्च चालत नाही’ या तक्रारीत किमान चार निरनिराळे बिघाड लपलेले असतात. क्लिक करूनही बॉक्स उघडत नाही किंवा नुसता कोरा चौकोन दिसतो, हा एक. बॉक्स उघडतो पण त्यात अक्षर उमटत नाही, हा दुसरा. प्रोग्रॅम सापडतात पण फायली सापडत नाहीत, हा तिसरा. फाइल नावाने सापडते, पण आतला शब्द टाकला की ‘नो रिझल्ट्स’ येतं, हा चौथा. चारही बिघाडांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. तरी बहुतेक जण सगळ्यांवर एकच औषध देतात: इंडेक्स पुसून टाका, नाहीतर विंडोज नव्याने टाका. पुढची माहिती विंडोज १० आणि ११साठी आहे. मॅकबद्दल शेवटाकडे थोडं.

कुठला भाग बिघडला ते न बघताच कामाला लागणं

विंडोजमधल्या सर्चचे दोन भाग आहेत. टास्कबारवरचा बॉक्स हा दिसणारा भाग. विंडोज ११मध्ये तो ‘सर्चहोस्ट’ ही प्रोसेस चालवते, अलीकडच्या विंडोज १०मध्ये ‘सर्चअ‍ॅप’. दुसरा भाग पडद्यामागे असतो: ‘विंडोज सर्च’ नावाची सर्व्हिस. तिचा ‘सर्चइंडेक्सर’ फायलींची नावं आणि मजकूर वाचून इंडेक्स तयार करतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. बॉक्स मेलेला असताना इंडेक्स ठणठणीत असू शकतो, आणि याच्या उलटही होतं. म्हणून बॉक्स उघडत नाही म्हणून इंडेक्स पुन्हा बांधणं हा तासन्‌तास वाया घालवायचा हमखास मार्ग आहे.

आधी एक छोटी चाचणी करा. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ उघडा, तिथे नवी फाइल तयार करा आणि तिला सहसा कुणी देणार नाही असं नाव द्या. मिनिटभर थांबा. मग एक्सप्लोररच्याच उजव्या कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये ते नाव शोधा. फाइल चटकन आली आणि टास्कबारवरून मात्र आली नाही, तर दोष दिसणाऱ्या भागात आहे. एक्सप्लोररमध्येही आली नाही, किंवा वरची प्रगतीची रेघ रखडत सरकल्यावर आली, तर इंडेक्सकडे बघा. इंडेक्स वापरता येत नसेल तर एक्सप्लोरर एकेक फोल्डर उघडून शोधतो. त्यामुळे ‘सर्च चालतं, फक्त हळू’ असं वाटतं आणि खरा बिघाड लक्षातच येत नाही.

बॉक्स कोरा दिसला की रजिस्ट्रीत हात घालणं

बॉक्स उघडत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘सर्चहोस्ट’ किंवा ‘सर्चअ‍ॅप’ शोधा आणि ‘एंड टास्क’ करा. घाबरायचं कारण नाही. पुन्हा सर्चवर क्लिक केलं की ती प्रोसेस आपोआप सुरू होते. फरक पडला नाही तर ‘प्रोसेसेस’ टॅबमधला ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रिस्टार्ट’ करा. बॉक्सच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

नसतील मिटल्या तर इंटरनेट बंद करून बॉक्स उघडून बघा. ही पायरी लोक हटकून गाळतात. बॉक्स संगणकातल्या फायलींबरोबर वेबवरचे निकालही आणतो, आणि ते आणणारी बाजू अडकली की सगळा बॉक्सच कोरा पडू शकतो. ५ फेब्रुवारी २०२० रोजी जगभरातल्या विंडोज १० संगणकांवर हेच झालं. दोष घरच्या संगणकात नव्हताच, मायक्रोसॉफ्टच्या सेवेपर्यंत जाणाऱ्या नेटवर्कमध्ये होता आणि तो तिकडेच दुरुस्त झाला. मधल्या काळात असंख्य लोकांनी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) बदल करून वेबचे निकाल बंद केले. तात्पुरती सोय म्हणून ते ठीक होतं, पण असे बदल नोंद न ठेवता केले की नंतर सर्च वेगळंच का वागतंय हे कळत नाही. नेट बंद केल्यावर बॉक्स जिवंत झाला तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी’ विभागात (विंडोज १०मध्ये ‘सर्च’ विभागात) सर्चच्या परवानग्या बघा. तिथे क्लाउडमधल्या मजकुराचा शोध आणि ‘सर्च हायलाइट्स’ बंद करता येतात. आवृत्तीनुसार पानाचं नाव थोडं बदलतं. रजिस्ट्रीला हात लावायचाच असेल तर बदलायची ती नोंद (‘की’) आधी ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा.

बॉक्स उघडतो पण टाइप होत नाही, नोटपॅडमध्ये मात्र नीट टाइप होतं, अशा वेळी कीबोर्ड बदलू नका. बहुतेक वेळा ‘सीटीएफमॉन’ (ctfmon) नावाचा टायपिंग सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम चालू नसतो. टास्क मॅनेजरमधून ‘रन न्यू टास्क’ निवडा आणि हे नाव रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. टाइपिंग लगेच सुरू झालं तर निदान बरोबर. दर वेळी संगणक चालू केल्यावर तीच रड असेल तर ‘टास्क शेड्युलर’मध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ‘टेक्स्टसर्व्हिसेसफ्रेमवर्क’ या क्रमाने जा. तिथलं काम ‘डिसेबल्ड’ असेल तर ते ‘एनेबल’ करा. संगणक ‘हलका’ करून देणारी साधनं हे काम बंद करून ठेवतात.

‘वेग वाढवण्यासाठी’ सर्व्हिसच बंद करणं

एसएसडीचं (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी येणाऱ्या चिप्सच्या डिस्कचं) आयुष्य वाढवा, संगणक पळवा, असल्या सल्ल्यांच्या यादीत ‘विंडोज सर्च बंद करा’ हे ठरलेलं असतं. हार्ड डिस्कच्या जमान्यात त्यात थोडाफार अर्थ होता. आजच्या एसएसडीवर या सल्ल्यातून हाती फार काही लागत नाही, तोटा मात्र ठसठशीत असतो: स्टार्ट मेन्यूतून फायली सापडत नाहीत आणि जुन्या डेस्कटॉप आउटलुकमधला मेलचा शोधही अडखळतो, कारण तो याच इंडेक्सवर चालतो. आउटलुकमध्ये मेल सापडत नाही म्हणून आउटलुक पुन्हा टाकणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

विंडोज की आणि आर दाबून ‘सर्व्हिसेस.एमएससी’ (services.msc) रोमन अक्षरांत टाइप करा. यादीत ‘विंडोज सर्च’वर डबल क्लिक करा. ‘स्टार्टअप टाइप’ला ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ असायला हवं, खाली ‘रनिंग’ दिसायला हवं. डिलेड म्हणजे संगणक चालू झाल्यावर ती साधारण दोन मिनिटांनी सुरू होते. लॉग-इन होताच बघून ‘बंदच आहे’ असा निष्कर्ष काढू नका. ‘डिसेबल्ड’ असेल तर बदला, ‘अप्लाय’ करा, मग ‘स्टार्ट’ दाबा.

याच सल्ल्याचा धाकटा भाऊ म्हणजे ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधली खूण काढणं. ‘जनरल’ टॅबच्या तळाशी, ड्राइव्हवरच्या फायलींचा मजकूर इंडेक्स होऊ द्यावा का, असं विचारणारा चौकोन असतो. तिथली खूण गेली की नावं सापडत राहतात, आतला मजकूर सापडत नाही. वर सांगितलेला चौथा बिघाड अनेकदा इथून सुरू होतो.

जो भाग इंडेक्समध्ये नाहीच, तिथली फाइल शोधत बसणं

बिघाड नसताना ‘बिघडलंय’ वाटण्याचं हे सर्वांत मोठं कारण. मुळात विंडोज ११मध्ये सर्चची पद्धत ‘क्लासिक’ असते, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप यांच्यापुरतीच. फोटो आणि कागदपत्रं डी ड्राइव्हवर ठेवायची सवय असेल तर टास्कबारवरून ती सापडणार नाहीतच. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘सर्चिंग विंडोज’ उघडलं की किती फायली इंडेक्स झाल्या, किती बाकी आहेत हेही दिसतं. फोल्डर जोडण्यासाठी कंट्रोल पॅनलमधलं ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडा, ‘मॉडिफाय’ दाबा आणि हवं त्या फोल्डरवर खूण करा.

इथे लगेच उलटी चूक होते: सगळा सी ड्राइव्हच निवडला जातो, किंवा ‘एन्हान्स्ड’, म्हणजे सगळा संगणक इंडेक्स करणारी, पद्धत सुरू केली जाते. विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरांत लाखो बारीक फायली असतात आणि त्या सतत बदलत राहतात, त्यामुळे इंडेक्सला उसंत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार ४ लाखांहून जास्त नोंदी झाल्या की कामगिरी घसरू लागते, आणि कमाल मर्यादा सुमारे १० लाखांची आहे. ‘एन्हान्स्ड’ वापरायचंच असेल तर वगळायच्या फोल्डरांची यादी भरा. प्रोग्रॅमिंगची प्रोजेक्ट्स आणि जुने बॅकअप तिथे आधी टाका.

मजकूर सापडत नसेल तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि मग ‘फाइल टाइप्स’ हा टॅब उघडा. यादीत पीडीएफ शोधा. खाली ‘इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाइल कंटेंट्स’ निवडलेलं असावं. शेजारच्या रकान्यात ‘रजिस्टर्ड आयफिल्टर इज नॉट फाउंड’ असं दिसलं तर ती फाइल वाचणारा भागच गायब आहे. एखादा पीडीएफ रीडर काढून टाकल्यावर असं होतं. तो रीडर पुन्हा टाकून, किंवा त्याचा ‘रिपेअर’ पर्याय चालवून, मग त्या प्रकारच्या फायली नव्याने इंडेक्स होऊ द्याव्यात.

काही फायलींत मात्र शोधण्यासारखा मजकूर नसतोच. स्कॅन केलेला पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो; ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, केल्याशिवाय त्यातलं अक्षर सापडणार नाही. वनड्राइव्हवरची ढगाचं चिन्ह असलेली फाइल संगणकात उतरलेलीच नसते, म्हणून ती नावाने सापडते, मजकुराने नाही. आणि युनिकोड येण्याआधीच्या देवनागरी फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फायली, कृतिदेव हे त्यातलं ठळक उदाहरण, आतून रोमन अक्षरांच्याच असतात. पडद्यावर ‘करार’ दिसत असला तरी इंडेक्सला भलतीच अक्षरं दिसतात. अशा फायली युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच उपाय. नाहीतर फायलींची नावं तरी नीट ठेवावीत.

शोधायची पद्धतही एकदा तपासा. एक्सप्लोररचा बॉक्स उघडलेल्या फोल्डरात आणि त्याच्या आतच शोधतो. सगळीकडे शोधायचं असेल तर ‘धिस पीसी’वरून सुरुवात करा. शब्द सुरुवातीपासून जुळवला जातो, म्हणून सलग लिहिलेल्या ‘जुनेबिल’ या नावात ‘बिल’ सापडेलच असं नाही. शब्दाच्या मागे-पुढे तारांकन (*) लावून बघा.

‘रीबिल्ड’ पुन्हा पुन्हा दाबणं

आता कुठे इंडेक्स पुन्हा बांधायची वेळ येते. त्याआधी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ट्रबलशूट’ विभागात ‘सर्च अँड इंडेक्सिंग’ दिसत असेल (अलीकडच्या विंडोज ११मध्ये तो नसतो), तर तो चालवून बघा. जादू नाही, पण परवानग्यांची गडबड असेल तर तो सुधारतो. मग ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘रीबिल्ड’. फायली खूप असतील तर हे काम कित्येक तास चालतं, आणि तोवर निकाल अर्धवटच येणार. ‘अजून सापडत नाही’ म्हणून पुन्हा बटण दाबलं की झालेलं काम पुसून सगळं शून्यापासून सुरू होतं.

तुम्ही काम करत असताना इंडेक्सर मुद्दाम मंदावतो. तसा संदेशही खिडकीत दिसतो. म्हणून रीबिल्ड रात्री लावा, लॅपटॉप चार्जरला जोडा आणि संगणक आपोआप ‘स्लीप’मध्ये जाणं बंद ठेवा. सी ड्राइव्हवर जागा आहे ना तेही बघा, कारण जागा संपत आली की इंडेक्सिंग थांबतं. इंडेक्सचा आकार साधारणपणे इंडेक्स झालेल्या फायलींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असतो. बारीक फायली फार असतील तर तो वाढतो.

इंडेक्सची फाइल हाताने पुसायच्या भानगडीत पडू नका. विंडोज १०मध्ये ती ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरात ‘विंडोज.ईडीबी’ नावाने असते. ती फुगून डिस्क खाते म्हणून लोक ती पुसायला जातात. सर्व्हिस चालू असताना ती पुसली जात नाही, आणि मग जबरदस्ती करणारी साधनं वापरली जातात. रीबिल्डने तेच काम सुरक्षितपणे होतं.

थेट फॅक्टरी रिसेटला जाणं

त्याआधी नवं युजर अकाउंट उघडा आणि तिथे सर्च वापरून बघा. तिथे नीट चाललं तर विंडोज शाबूत आहे, तुमचं प्रोफाइल बिघडलंय. तिथेही नाही चाललं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि विंडोजच्या स्वतःच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा चालवा: आधी ‘डीआयएसएम’ची ‘रिस्टोअरहेल्थ’ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth), मग ‘एसएफसी’ची ‘स्कॅननाऊ’ (sfc /scannow). क्रम उलटा करू नका. ‘एसएफसी’ ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलतो तो साठा ‘डीआयएसएम’ दुरुस्त करतो. अद्ययावत विंडोज ११मध्ये ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथे विंडोज अपडेटमधून दुरुस्ती करण्याचा पर्याय आहे. त्यात विंडोज नव्याने बसतं, पण फायली, अ‍ॅप आणि सेटिंग्ज राहतात.

मॅकवर बहुतेक गाडी स्पॉटलाइटपाशी, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या सर्चपाशी, अडते. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या स्पॉटलाइटच्या पानावर ‘सर्च प्रायव्हसी’ उघडा, डिस्क यादीत टाका, खिडकी बंद करा, मग पुन्हा उघडून डिस्क यादीतून काढा. इंडेक्स नव्याने बांधायला सुरुवात होते. ही डिस्क काढायची दुसरी पायरीच विसरली जाते, आणि मग तिथलं काहीच सापडत नाही.

इंडेक्स नीट झाला आणि आठ-पंधरा दिवसांत पुन्हा बिघडला, असं वारंवार होत असेल तर सर्चला दोष देणं थांबवा आणि डिस्क तपासा. आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’ टॅबमधून ‘चेक’ चालवा.