डॉक्टर व्हायची इच्छा खरंच आपली आहे का, हे नाशिकमध्ये राहून कसं तपासायचं

दहावीचा निकाल लागला की आईबाप कॉलेज रोड, गंगापूर रोडवर क्लासेस बघत फिरायला लागतात आणि पोराला नव्वदच्या वर टक्के असले की घरात ठरूनच जातं, मेडिकल. मी बायोलॉजी शिकवते, माझ्याकडे येणारी मुलं हुशार असतात, अभ्यासही करतात, पण डॉक्टर का व्हायचंय विचारलं की गप्प. मला त्यांची काळजी वाटते, कारण एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजी, एवढं सगळं दुसऱ्याच्या हौसेवर निभत नाही. म्हणून नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायच्या खूप आधी हे करा.

आधी सरकारी दवाखान्यात जाऊन या. त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा नाशिकरोडचं बिटको. घरातलं, शेजारचं कुणी दाखवायला जाणार असेल तर सोबत जा, केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, आणि नुसतं बघा. पेठ-सुरगाण्याकडून पहाटे निघून आलेली माणसं असतात, कुठल्या खोलीत जायचं हेच कळत नसतं, त्यांना तिथपर्यंत सोडून या. फोटो काढायचे नाहीत, कुणाला आजाराबद्दल विचारायचं नाही. रक्त बघून गरगरलं तर घाबरू नका, बहुतेकांचं ते सवयीने जातं. पण गर्दी, वास, तेच तेच विचारणारे नातेवाईक यांचा वैताग आला आणि दोन-तीनदा जाऊनही तो कमी होत नसेल तर ते मनावर घ्या, घरी स्पष्ट बोला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बारावीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकतो ना आपण, हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढं पाठ केलं की चार मार्क. पण हा आजार आपल्याच जिल्ह्यात आहे हो, सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या आदिवासी घरांमध्ये. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लेकराचे हातपाय इतके दुखतात की शाळा बुडते. आईबाप दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांकडे या आजाराचं एकेक जनुक असेल, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि त्या दोघांना स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही. पहिली तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर सुट्टीत जा, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जाऊन आशाताईंशी बोला, लोकांना तपासणीला कसं तयार करतात, लग्न ठरताना रिपोर्टचा विषय कसा काढतात ते विचारा. पुस्तकातलं ते पान आणि ते घर ज्या मुलाच्या डोक्यात एकत्र जुळतं त्याला अभ्यासाला बस म्हणून सांगावं लागत नाही, हे मी बघितलंय.

टॉपर्सचे व्हिडिओ जरा कमी करा, त्यापेक्षा महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांबद्दल वाचा. कोकणात लाल विंचू चावून माणसं दगावायची, हे पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, श्वास टिपत राहिले, विषाने हृदयावर आणि फुप्फुसांवर काय होतं ते नीट समजून घेतलं आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले. लॅन्सेटमध्ये त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मोठी मशिनरी नव्हती हो, बघण्याची चिकाटी होती. ती तुमच्यात आहे का, हे आत्ताच कळू शकतं.

मोठ्या डॉक्टरांपेक्षा इंटर्नशी बोला, आडगावच्या मेडिकल कॉलेजला कुणी ओळखीचं असेलच. नाइट ड्युटीनंतर कसं वाटतं, पेशंट गेला की घरच्यांना काय सांगतात, हे विचारा. नर्सशीही बोला, प्लीज. पेशंटजवळ थांबायला आवडतं पण नीटला एमबीबीएसपुरते मार्क पडत नाहीत असं असेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी हीसुद्धा पूर्ण मानाची कामं आहेत, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाखाली हे सगळे कोर्स येतात.

एवढं करूनही हो वाटत असेल तर मग जोरात लागा. नीट ७२० मार्कांची, त्यात निम्मे बायोलॉजीचे, चुकलं की एक मार्क वजा, म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. आणि डोमिसाइल, लागू असेल तर कास्ट व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला), यांची कामं अकरावीतच सुरू करा, व्हॅलिडिटीला महिने लागू शकतात आणि कॅप राउंडला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, कागद नसला तर हातात आलेली सीट जाते.