हेडलाइटचा कपलर जळत असेल तर

हेडलाइट मंद झाली म्हणून गाडी आली की मी आधी बल्बच्या मागचा कपलर, म्हणजे वायर बल्बला जोडणारा प्लग, ओढून बघतो. फोंड्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना हे नेहमीच दिसतं: कपलर तपकिरी पडलेला, एका पिनेभोवती प्लॅस्टिक वितळलेलं, वायरचं आवरण इतकं कडक झालेलं की वाकवलं तर तडकतं. मालक बल्बला दोष देतात. दोष बहुतेक वेळा पिनेत असतो.

हॅलोजन बल्ब तापणारच. त्याची काच २५० अंशांच्या वर गेली तरच फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन काचेवर न साचता परत फिलामेंटकडे जातं. म्हणून बल्ब थंड ठेवायच्या नादी लागू नका, पिनेकडे बघा. एच-४ म्हणजे अपर आणि डिपर एकाच बल्बमध्ये; त्याचा ५५ वॅटचा डिपर (खाली पडणारा झोत) साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. पिन सैल असली, तिच्यावर कळंक चढला आणि तिथे एक व्होल्ट पडला, तर साडेचार वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत कोंडते. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे कळंक चढायला वेळ लागत नाही.

तपासायला मल्टिमीटर पुरे. लाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कपलरच्या मागून डिपरच्या पिनेला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तसंच अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्येही मोजा. अर्थिंग बघायचं बरेच जण विसरतात आणि नवा कपलर पुन्हा जळतो.

काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बल्ब निवू द्या. कपलर सिरॅमिकचा घ्या, पण सिरॅमिक वितळत नाही म्हणजे पिन तापत नाही असं नव्हे. काळवंडलेली तार मागे मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, लग (तारेच्या टोकाची धातूची पिन) टिकत नाही. जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने तिचा डिंक पाघळतो. फायबर ग्लासचं स्लीव्ह चढवा, ते उष्णता सोसतं. बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डाग तापून काच तिथेच फुगते. मागचं रबरी बूट जागेवर घट्ट बसवा, नाहीतर पावसाचं पाणी थेट पिनांवर येतं.

१००/९० वॅटचे (अपर १००, डिपर ९०) बल्ब घालायला बरेच जण येतात. रिले (लाइटचा जास्तीचा करंट स्विचऐवजी स्वतःतून नेणारं उपकरण) आणि बॅटरीजवळ फ्यूज घातला की स्विच आणि जुनी वायर वाचते, हे खरं. पण रिफ्लेक्टर आणि पुढची प्लॅस्टिकची काच भाजतच राहते. चोर्ला घाटात वळणावर समोरच्याला काहीच दिसत नाही, ते वेगळंच. मी ते घालत नाही. ६०/५५ च्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळालं की बहुतेकांचं काम भागतं.

शेवटी डिपर पंधरा मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि कपलरच्या चार बोटं मागे वायर धरा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर लग पुन्हा उघडा.