दामोदर खोऱ्याचा ऊर्जेचा इतिहास लिहायचाय? आधी वाहतूक बघा

दामोदर खोऱ्यावर (झारखंड-पश्चिम बंगालमधला कोळशाचा पट्टा) लिहायला बसलं की बहुतेक जण खाणींची यादी आणि टनांचे आकडे घेऊन सुरू होतात आणि दुसऱ्या पानावरच गाडी अडकते. जमिनीखाली काय होतं ते नंतर बघा, आधी माल बाहेर कसा जायचा ते शोधा.

सुरुवात १७७४ पासून करा. समनर आणि हिटली या दोघा इंग्रजांना राणीगंज भागात कोळसा काढायची परवानगी मिळाली, पण धंदा काही लगेच उभा राहिला नाही, कारण कोळसा कलकत्त्याला न्यायचा तर दामोदरमधून होडीने आणि होडी चालणार पावसाळ्यात नदी भरल्यावरच, म्हणजे बाकीचं वर्ष काठावर ढीग लावायचे आणि आभाळाकडे बघत बसायचं! १८३६ ला द्वारकानाथ टागोरांनी (हो, रवींद्रनाथांचे आजोबा) राणीगंजची खाण घेतली तेव्हाही हीच बोंब. १८५५ ला रेल्वे आली तेव्हा कुठे चित्र पालटलं. त्यामुळे टाइमलाइन बनवताना खाणीच्या तारखेशेजारी रेल्वेची तारीख लिहाच. झरियाचंही (धनबादजवळचा कोळशाचा भाग) तसंच, १८९० च्या दशकात रूळ पोचले आणि मग खाणी धडाधड.

पुढचा टप्पा विजेच्या तारांचा. १९४८ ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं, म्हणजे खोऱ्यात धरणं आणि वीजकेंद्रं उभारणारं सरकारी महामंडळ, अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीवरून उचललेली कल्पना. १९५३ ला बोकारोचं औष्णिक केंद्र सुरू झालं, आता कोळसा जागेवरच जाळून वीज बाहेर पाठवता यायला लागली. त्याची धरणं पटकन उरका, तिलैया १९५३, मैथन १९५७, पंचेत १९५९.

सगळ्यात जास्त सुटणारा मुद्दा म्हणजे भाडे समानीकरण, म्हणजे मालवाहतुकीच्या भाड्याचं सरकारी धोरण. कोळसा लांब नेला तरी भाव जवळपास तोच, वरचं भाडं सरकार सांभाळणार, मग कारखानदार खाणीजवळ कशाला येईल? हे १९९३ पर्यंत चाललं. माझ्या मते या भागाच्या गरिबीवर लिहिताना हे गाळलं तर लेख लंगडाच.

आणि हो, १९७१-७३ च्या कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाआधीचं काही शोधताना खाणीचं जुनं नाव टाकून शोधा, नाहीतर हाती काही लागत नाही.

शेवटी नकाशावर धनबाद-चंद्रपुरा रेल्वेलाइन झूम करा. झरियात १९१६ पासून जमिनीखाली आग धुमसतेय, त्यापायी २०१७ ला ही लाइन बंद केली होती, २०१९ ला परत सुरू झाली.