असेंबल केलेला पीसी मधेच बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

अमळनेरला माझा एक मित्र लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, रात्री साडेआठला त्याचा फोन आला. "भो, तो आपोआप बंद पडी जास. आता नवं ग्राफिक्स कार्डच टाकतो." तोवर त्याने तीनदा विंडोज फॉरमॅट मारली होती, रॅम वाढवली होती, आणि तरीही रोज कोणाच्या ना कोणाच्या लग्नाचं रेंडर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाऊन पडत होतं. मी त्याला म्हटलं, दोन-तीन दिवस काहीही विकत घेऊ नकोस. एक वही घे.

ओळखीच्यांना पीसी जोडून देणं आणि जळगाव-धुळ्याकडच्या घरांतले बंद पडणारे पीसी बघणं हे मी बरीच वर्षं करतोय. खराब पार्टपेक्षा अंदाजाने बदललेल्या चांगल्या पार्टवर लोकांचे जास्त पैसे जाताना मी पाहिलेत. मनापासून वाईट वाटतं, कारण घरी पीसी जोडणारा माणूस पै-पै जमवून तो जोडत असतो.

फॉरमॅट मारून पुरावा पुसणं

पीसी बंद पडला की सगळ्यात आधी हात जातो तो फॉरमॅटकडे. पण विंडोज प्रत्येक वेळी काही ना काही लिहून ठेवत असते, आणि फॉरमॅट मारला की ते सगळं पुसलं जातं. त्याऐवजी स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, आणि त्रास नेमका कोणत्या दिवसापासून सुरू झाला ते कळतं. त्या दिवशी तुम्ही काय बदललं होतं, हा पहिला प्रश्न.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की पुष्कळ जण थेट एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बदलतात. हा मोठा गैरसमज आहे. ४१ चा अर्थ इतकाच की पीसी नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाला. रीसेटचं बटण दाबलं, लाईट गेली, निळी स्क्रीन आली, तिन्ही वेळा ४१ येतो. कामाची गोष्ट त्याच्या आत, डिटेल्समध्ये असते. तिथे बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे वीज तुटली, नाहीतर पीसी जागीच गोठला. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन आली होती, आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' नावाच्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा त्याची फाइल सापडते. 'व्हीआ लॉगर'च्या (WHEA-Logger) नोंदी दिसत असतील तर खुद्द हार्डवेअर तक्रार करतंय. तिथे फॉरमॅटने काही होत नाही.

अजून एक. सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाका. निळी स्क्रीन पुढच्या वेळी डोळ्यांसमोर थांबेल, तिचा मोबाइलवर फोटो काढा.

वही

वहीत चार गोष्टी लिहायच्या: वेळ, त्या वेळी काय चालू होतं, घरात त्या क्षणी काय झालं, आणि पीसी कसा पडला. 'पडला' हा शब्द पुरेसा नाही. झटक्यात काळोख झाला, निळी स्क्रीन आली, चित्र जागच्या जागी गोठलं आणि आवाज घरघरत राहिला, की फक्त एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद होऊन डेस्कटॉप दिसला? या चार वेगळ्या वाटा आहेत.

मित्राच्या वहीत तीन दिवसांत नऊ नोंदी झाल्या. सहा संध्याकाळी सात ते साडेनऊच्या मधल्या, सगळ्या 'झटक्यात काळोख'. उरलेल्या तीन दिवसा कधीही, निळी स्क्रीन, आणि दर वेळी नाव वेगळं: एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'आयआरक्यूएल', एकदा तिसरंच. म्हणजे एका पीसीत दोन आजार होते. असं असेल तर एक पार्ट बदलून कधीच गुण येत नाही, आणि माणूस हताश होऊन पुढचा पार्ट आणतो.

भिंतीतला बिघाड कॅबिनेटमध्ये शोधणं

आपल्याकडे मी आता सुरुवात भिंतीपासून करतो. मित्राच्या टेबलाखाली एकच एक्स्टेन्शन बोर्ड होता. त्यावर पीसी, मॉनिटर, स्पीकर आणि खोलीतला डेझर्ट कूलर. बोर्डाची पिन दोन टोकांची, म्हणजे अर्थिंग मुळातच नाही. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला मनगटाची मागची बाजू लावली तर मुंग्या आल्या. हे लक्षण पुष्कळ घरांत आहे आणि लोक त्याला 'थोडा करंट मारतो' म्हणून सोडून देतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर घरच्या विजेच्या दाबाच्या (व्होल्टेजच्या) साधारण निम्मा दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबीची वायर लावता-काढताना तो त्या वाटेने जातो.

वायरमन बोलावून तीन मापं घ्यायला लावा. स्वतः सॉकेटमध्ये हात घालू नका. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं एक-दोन व्होल्टच्या आसपास. मित्राच्या घरी तिसरं माप अठ्ठावीस भरलं. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षांत कोणी पाणी घातलं नव्हतं. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात बोटभर फाटते. ती सुकली की अर्थिंगच्या पट्टीची जमिनीवरची पकड सुटते. उन्हाळाभर आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी आणि गरज पडल्यास मीठ-कोळसा पुन्हा भरणं, एवढ्याने फरक पडतो. ओल असतानाच माप परत घ्या.

मग आम्ही संध्याकाळी मल्टिमीटर लावून बसलो. साडेसातला सॉकेटवर २०६ व्होल्ट होते. कूलरचं बटण दाबलं, मोटर घुरघुरली, आणि आकडा क्षणभर १८४ वर जाऊन परत आला. त्याच वेळी रेंडर चालू असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड भरपूर ओढत होतं. पीसी गेला. वहीतल्या सहाही काळोखांचा उलगडा टेबलाशेजारी उभं राहून झाला.

चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, असा झोका तो सहज पचवतो. मित्राकडचा कॅबिनेटसोबत आलेला होता, ४५० वॉटचं लेबल, आणि इनपुट फक्त २०० ते २४०. हे लेबल वाचायला दहा सेकंद लागतात आणि जवळजवळ कोणीच वाचत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर हजारो रुपये लावून एसएमपीएसवर हजार वाचवणं ही माझ्या मते घरी जोडलेल्या पीसीमधली सगळ्यात महागडी चूक आहे. ८० प्लसचं चिन्ह फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतं, बांधणीची खात्री देत नाही. वॉटचा आकडा किती तापमानाला मोजला तेही बघा. ४० किंवा ५० अंशांना मोजलेला असेल तर तो आपल्या उन्हाळ्यात खरा.

ग्राफिक्स कार्डाला दोन ८ पिनची कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीच्या शेपटाला दुसरं कनेक्टर असतं, ते वापरून वेळ मारून नेऊ नका. एका ८ पिनवर १५० वॉट धरलेले असतात, आणि नव्या कार्डांचा झटका क्षणभर सरासरीच्या कितीतरी वर जातो.

इन्व्हर्टरबद्दल थोडं. लाईट जाताच एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरवर बहुधा मागे एक बटण असतं: यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी पडतो. ते यूपीएसवर करा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर काही एसएमपीएस त्यावर टिकत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

रॅम

दुसरा आजार मित्राने स्वतः विकत आणला होता. जुन्या दोन ८ जीबीच्या पट्ट्यांशेजारी वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या दोन नव्या पट्ट्या बसवल्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, चालूच ठेवलं. रिलायबिलिटी हिस्टरीत पहिली निळी स्क्रीन नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती. काळोखावर उपाय म्हणून रॅम आली आणि निळ्या स्क्रीना घेऊन आली.

एक्सएमपी किंवा एक्स्पो हा रॅमचा मूळ वेग नसतो, ते ओव्हरक्लॉकिंगच असतं. डीडीआर४ चा ठरलेला व्होल्टेज १.२; ३२००-३६०० च्या पुष्कळ एक्सएमपी पट्ट्या १.३५ मागतात. पट्टीला ते झेपतं, पण चार पट्ट्या एकदम सांभाळणं प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला झेपेलच असं नाही. आधी एक्सएमपी बंद करून दोन दिवस चालवून बघा. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. त्यात एक जरी चूक आली तरी ती चूकच. 'एकच तर आहे' म्हणू नका. चुका आल्या तर एकेक पट्टी वेगळी तपासा.

मित्राच्या नव्या पट्ट्या काढल्या, मूळ दोन ठेवल्या. तपासणी सकाळपर्यंत स्वच्छ.

उष्णता, आणि कूलरसमोर ठेवलेला पीसी

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद खोलीत ४२ अंश असतील तर हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७५ वर चालणारा प्रोसेसर आता ९२ वर असतो, इतका सरळ हिशेब. पण तापल्यावर आजचे प्रोसेसर एकदम बंद पडत नाहीत, आधी वेग कमी करतात. रेंडर मंदावलं असेल तर उष्णता समजा. काही न मंदावता काळोख झाला तर आधी वीज तपासा. प्रोसेसरच्या कूलरखालचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून जातं, ते मी चार वेळा तरी पाहिलंय.

उकडतंय म्हणून कॅबिनेट उघडं करून डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते, सोबत क्षाराचे बारीक थेंब येतात, आणि महिनाभरात मदरबोर्डावर पांढरी खर धरते. एका घरी ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी पट्टीवर ती खर मी खोडरबराने घासून काढली होती. कूलर खोलीसाठी असू द्या, कॅबिनेट त्याच्या वाटेतून बाजूला. पुढची जाळी पंधरवड्यातून एकदा ब्रशने साफ करा. कापसाच्या जिनिंगजवळ राहत असाल तर आठवड्याला.

राहिलेलं थोडक्यात

इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे डेस्कटॉप प्रोसेसर असतील आणि गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणून पडत असेल तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नसू शकतो. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजतात हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोससाठी दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत करा. झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो बदलूनच घ्या. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा पीसी काही न करता, नुसता बसलेला असताना पडत असेल तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' टिपिकलवर करून बघा. आणि कशातच काही सापडलं नाही तर मदरबोर्डवरून रीसेट बटणाची छोटी वायर काढून दोन दिवस चालवा. मधूनच अडकणारं बटण पीसी आपोआप रीस्टार्ट करू शकतं.

यातलं एका वेळी एकच बदला, आणि वहीत लिहा. एसएमपीएस मात्र उघडू नका, बंद असतानाही त्यात जीवघेणा दाब साठलेला असतो.

मित्राने ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस घेतला, पीसीला भिंतीतून वेगळा तीन पिनचा पॉइंट काढून घेतला, इन्व्हर्टर यूपीएसवर ठेवला. ग्राफिक्स कार्ड जुनंच आहे. मे अखेरपर्यंत वहीत एकच नोंद वाढली: दुपारी साडेतीन, गावाची लाईट गेली, पीसी चालू राहिला, रेंडर पूर्ण.